‘अगं, जुनीच आहे!’

आज सोसायटीत हळदीकुंकू होतं. शेजारीण म्हणाली, "साडी छान गं!" मी लगेच, "अगं, जुनीच आहे!" परवाच घेतलेली, द्वारका चौकातल्या दुकानातून.

मग तिने कळवणहून नवीनच राहायला आलेल्या सुनीताचंही कौतुक केलं. सुनीता खुलून हसली, "हो ना? लय शोभते मला!"

ती गेल्यावर कुणीतरी कुजबुजलं, "जरा जास्तच आहे, नाही?" मीही मान डोलावली.

घरी आल्यावर मात्र उद्या बारशाला नेसायच्या साडीचा फोटो मी सुनीतालाच पाठवला. खरं तीच सांगेल, असं का वाटलं कोण जाणे!

तिचं उत्तर आलं, "नको ताई, आजचीच नेसा. जुनी असली तरी लय शोभते!"

मैत्रिणींनो, चारचौघींना आवडावं म्हणून तुम्हीही नवी साडी जुनी करता का गं?