यंदा की पुढच्या वर्षी

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, पडद्याआड, एक अरुंद अंधारी खोली आहे. तिथे ती दिवसभर एकच प्रश्न विचारते: "हे बरं दिसतंय, की हे?" एक काच काढायची, दुसरी घालायची, पुन्हा विचारायचं. गिऱ्हाइकं तिला मॅडम म्हणतात, दुकानाचे मालक "आमची पदवीधर" अशी ओळख करून देतात, आणि मुलगी डॉक्टर नाही तर मग नक्की कोण, हे तिच्या आईला अजून चारचौघांत सांगता येत नाही.

डोळे तपासण्याची पदवी तिने चांगल्या मार्कांनी मिळवली होती. लगेच दुसऱ्या शहरात मास्टर्सला प्रवेशही मिळाला आणि त्याच सुट्टीत वडील गेले. कॉलेजातल्या सरांनी समजून घेतलं, पुढच्या वर्षी ये म्हणाले. तिने हे दुकान धरलं. पुढचं वर्ष उजाडलं तेव्हा आईची पेन्शन सुरू झाली होती, मालकही सोडायला तयार होते. तरी तिने पुन्हा कळवलं, पुढच्या वर्षी. का, ते विचारू नका. तिलाही सांगता आलं नसतं. जावंसं वाटत नव्हतं आणि राहावंसंही वाटत नव्हतं. ताट समोर आलं की जेवायची, पाठ टेकली की झोपायची. वडिलांसाठी ती रडलीसुद्धा नव्हती. नातेवाइकांनी किती खंबीर म्हणून कौतुक केलं. त्यांचं काय जातंय?

आज सकाळी सरांचा फोन आला. जागा आता आणखी राखता येणार नाही, यायचं तर संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षेपासून सगळं नव्याने कर, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ती बरं म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

दुपारी आई आली. औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचता येईना, म्हणून नंबर काढायचा होता. तिला खुर्चीत बसवून तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, एक डोळा झाकला आणि नेहमीचा प्रश्न सुरू झाला. आईचं एकच उत्तर: सारखंच दिसतंय. कुणाला त्रास नको म्हणून आयुष्यभर सगळ्याला चालेल म्हणणारी बाई, ती काचांना तरी कशाला नावं ठेवणार! लाव कुठलीही, म्हणाली.

अशा लोकांसाठी मुलीकडे एक युक्ती होती. तिने एकदम भलत्याच नंबरची जाड काच घातली.

"अगं, यातून तर काहीच दिसत नाही."

"म्हणजे फरक कळतो तुला," ती म्हणाली. "थोडाथोडका फरक असला की माणूस सारखंच म्हणतं. मोठा फरक दाखवला की बरोबर बोलतं."

मग आई खरंच बोलू लागली. ही धूसर, ही बरी, नको, आधीचीच. काचा बदलता बदलता मुलीने सरांच्या फोनचं सांगितलं, दूधवाला येऊन गेला असं सांगावं तसं. आईने मान तिच्याकडे वळवली.

"यंदा जातेस, की पुढच्या वर्षी?"

"सारखंच आहे गं."

आईचा एक डोळा झाकलेला, फ्रेम नाकावरून घसरलेली. अशा अवतारात गंभीर दिसणं अवघड, पण तिला ते जमलं.

"बरं. यंदा जातेस, की कधीच नाही?"

मुलीचा हात काचांच्या पेटीवर थांबला. कधीच नाही. हीच खोली, हाच पडदा, हाच प्रश्न, केस पिकेपर्यंत. तिला भीती वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला काहीतरी वाटलं होतं.

"यंदा," ती म्हणाली, आणि आवाज एवढा मोठा निघाला की काय हवंय म्हणून पलीकडून मालकांनी विचारलं.

"मग कळवून टाक सरांना. मी राहीन एकटी, मला काय होतंय?" नेहमी चालेल म्हणायची त्याच सुरात आई म्हणाली. तो सूर मुलीच्या ओळखीचा होता.

"आई, खरं सांग. मी इथे असलेली बरी, की…"

"मला नको विचारूस," आई म्हणाली. "खालची ओळ वाचू का?"

आईने सगळी अक्षरं बरोबर वाचली. तक्ता पाठ होता म्हणून मुलीला ते कळलं. भरल्या डोळ्यांनी तिला त्यातलं एकही अक्षर दिसत नव्हतं.