गरम लागलेली पिशवी

देवरुषी, अंगारा, लिंबू-मिरची... मी आयुष्यात कशालाच भीक घातली नाही. माझी लेक थॅलेसेमियाची. दर वीस-बावीस दिवसांनी बोरीहून परभणीला जायचं, रक्त लावायचं, घरी यायचं. तेव्हा हे वाचून कुणी मला नमस्कार करायला येऊ नये!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट, भर दुपारची. रक्तपेढीतून पिशवी आणली. फ्रीजमधली पिशवी थंडगार असते, म्हणून आम्ही आया ती काखेत धरून जरा ऊब देतो. तसं करायचं नसतं, माहीत होतं... तरी करायचे. पोरीला हुडहुडी भरते ना!

त्या दिवशी मात्र पिशवी हातात घेतली तीच गरम. तापातल्या लेकराच्या कपाळासारखी.

"ही नको," मी म्हणाले.

सिस्टरनं हात लावला. "ताई, बर्फावानी गार हाय की! समद्या टेस्ट झाल्यात. हिमोग्लोबिन चारवर आलंय, टाइम कशाला घालवायलाव?"

नवरा काकुळतीला आला. "आगं, लावू दे. पोरगी धापा टाकायलीय."

"न्हाई म्हणजे न्हाई!"

वर खोटंच सांगून टाकलं, ही मी काखेत धरली होती. सिस्टर लय भडकली. अशी पिशवी कुणालाच चालत नाही, फेकावीच लागली. दुसरी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर लेकीचे पांढरे ओठ बघत मी स्वतःलाच शिव्या घालत होते.

काही महिन्यांनी रक्तपेढीचा फोन आला. त्या गरम पिशवीच्या रक्तदात्याला हिपॅटायटिस सी निघाला होता. रक्त दिलं तेव्हा लागण इतकी ताजी, की टेस्टमध्ये दिसलीच नाही.

आता आया माझ्यापुढे पिशव्या धरतात — "ताई, जरा हात लावून बघा." मी हाकलून देते. माझा हात काय मागता? ताजी लागण पकडणारी टेस्ट असते, ती मागा. त्यासाठी भांडा!

त्याच माणसाच्या रक्तातून आधीच वेगळा काढलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, पाथरीच्या एका बाईला दिला होता. तिला लागण झाली. दवाखान्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुमाला कळलं, मग मला का न्हाई कळलं?"

डॉक्टर योगायोग म्हणतात, सासू देवाची कृपा म्हणते. पिशवी मला गरम का लागली, ते मला आजही माहीत नाही. पण ज्यांना हा चमत्कार वाटतो, त्यांनी पाथरीला जावं आणि त्या बाईच्या तोंडावर तसं म्हणून दाखवावं.