एकदा म्हनली की!

पद सुरू करण्याआधी ती उजवा हात कानाशी न्यायची आणि डावीकडे, बायकांच्या बाजूला बघायची. औरादच्या नाटकाच्या तंबूत तिला ऐकलेल्या तुमच्यापैकी कुणालाही आधी ती नजर आठवेल, मग गाणं.

आम्ही तिला अक्का म्हणायचो. बाप निजामाच्या फौजेतला अरब, आमच्याकडे त्यांना चाऊस म्हणतात. आई ठाणाकुशनूरची धनगरीण. "मी निम्मी उंटाची, निम्मी मेंढराची," असं स्वतःच सांगायची आणि खो खो हसायची. आवाजही तसाच. वर गेली की चाऊसांच्या लग्नातली अरबी गाणी आठवायची, खाली उतरली की आईच्या ओव्या.

निजामाचं राज्य मोडलं, पुढे औराद म्हैसूर राज्यात गेलं, तिकडच्या कानडी नाटक कंपन्या यायला लागल्या. बाप वारल्यावर अक्का त्यातल्याच एका कंपनीत शिरली. आईने बोलणं टाकलं. "तोंड रंगवनारी माझी न्हाई," एवढंच म्हणाली. गावोगाव वन्समोर घेणाऱ्या या बाईला खरं हवं होतं ते एकच, आईने एकदा ऐकावं. कंपनी औरादला आली की ती कुशनूरला निरोप धाडायची. म्हातारी यायची नाही.

एका वर्षी मात्र आली. बायकांच्या बाजूला, माझ्या शेजारीच, तोंडाला पदर लावून बसली. अक्काचं पद संपलं आणि तंबू दणाणला, "वन्समोर! वन्समोर!" म्हातारीला हा रिवाज कुठला ठाऊक? तिला वाटलं, पोरीचं काही चुकलं म्हणून लोक पुन्हा म्हणायला लावतायत. ताडकन उठली.

"एकदा म्हनली की तिनं! लेकराला कामून छळायलाव? चल गं, घरी चल!"

लोक हसून लोळले. अक्काही हसली, पण डोळे पुसत. रंगवलेल्या तोंडानेच खाली उतरली आणि आईचा हात धरून चालू लागली. पुढच्या प्रवेशासाठी मॅनेजर बोंबलत बसला.

अक्का कंपनीत परतली. पुढे म्हातारी वारली. त्यानंतर अक्का मागाल तितके वन्समोर द्यायची. आवाज फाटायला लागला तरी द्यायची. लोक खूश. मला बघवेना.

"अक्का, कामून एवढं गं?"

"कुनी थांब म्हनतंय का, बघायलेय."

मग एका हंगामात कंपनी आली, अक्का आली नाही. विजापूरकडे वारली, एवढंच कळलं. अजूनही जत्रेत वन्समोरचा गलका उठला की तिची फार आठवण येते. बायकांच्या बाजूला बसून मी मनातल्या मनात म्हणते, एकदा म्हनली की तिनं. घरी चल गं, अक्का.