बंगल्यात गेला की आऊट

आमच्या मंडळीत किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. अशोकच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेले रिमोट जसे आपोआप साचतात, तसे तेही साचत गेले. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढायचं, चहा सांगायचा आणि व्हिडीओ गेम लावायचा, हा आम्हा तिघांचा कित्येक वर्षांचा रिवाज. तिघं म्हणजे अशोक, दिलीप आणि मी. भरवेलीच्या खाण कॉलनीत एकत्र वाढलो, आता बालाघाटला घरं केली. पोरं मोठी झाली, डोक्यावरचे केस गेले, पण कॅसेट तीच. बेसबॉलची!

* * *

ती बेसबॉलची आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही शाळेत असताना अशोकच्या वडिलांनी ती गोंदियाहून आणली. दुकानदार म्हणाला होता, "क्रिकेट है भैया, बढ़िया वाला!" कव्हरवर बॅटवाला माणूस होता, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

कॅसेटला फुंकर मारली, मशीनमध्ये दाबली. पडद्यावरचा बॅट्समन बॅट खांद्यावर घेऊन उभा. पहिलाच बॉल बॅटला लागला आणि पठ्ठ्या बॅट फेकून पळत सुटला!

अशोक भडकला. "अबे, बॅट टाकून काहून पळून राह्यला हा? क्रीजमध्ये काय टेकवते मग, डोस्कं?"

* * *

चार बॉल बाहेर गेले की बॅट्समन न खेळताच पुढे चालत जायचा. हा वाईड, एवढं आमच्या लक्षात आलं. पण पुढच्या जागेवर आधीच कोणी उभा असला तर तोही सरकायचा, मग त्याच्या पुढचाही. हे काही केल्या समजेना.

दिलीपने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि निकाल दिला. "लामत्याले जाणारी भरली बस पाह्यली नाही का? मागून माणूस चढला का पुढच्याले सरकाच लागते."

पटलं. आजवर कोणी याहून चांगलं समजावलेलं नाही.

* * *

दिलीप आमचा जन्मजात अंपायर. कॉलनीच्या मैदानाला लागून खाणीच्या साहेबांचा बंगला होता. बॉल भिंतीपलीकडे गेला की गेलाच, कारण आत कुत्रा होता आणि चौकीदार कुत्र्याहून वाईट. बॉल आमच्याकडे एकच. म्हणून दिलीपने नियम केला, बंगल्यात गेला की आऊट.

एकदा त्याचे बाबा ड्युटीवरून येता येता मैदानात थांबले. डोक्यावर खाणीचं हेल्मेट तसंच. म्हणाले, "आण इकडे बॅट." आणि पहिलाच बॉल थेट बंगल्यात! सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली.

दिलीप शांतपणे म्हणाला, "बाबा, आऊट."

बाबांनी बॅट खाली ठेवली. "घरी ये तू. मंग सांगतो आऊट काय असते ते!"

* * *

हाच नियम आम्ही गेमलाही लावला. बॉल स्टेडियमबाहेर गेला की पडद्यावर फटाके फुटायचे, बाजा वाजायचा, आणि दुकानात आम्ही ओरडायचो, "आऊट!" टीव्हीने दिलेला रन आम्ही वजा करायचो.

मग अशोकचे नवे जावई नागपूरहून आले. त्यांनी असाच एक बॉल बाहेर घालवला आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. दिलीपने त्यांच्या हातातला गेमचा रिमोट काढून घेतला. "आऊट, जावईबापू."

"काका, याला होमरन म्हणतात. यापेक्षा मोठा शॉट नसतो."

"असन. पण बंगल्यात गेला."

अशोकला घाम फुटला. "दिलीप, जावई आहे बे तो!"

"जावई तुहा आहे. नियम साऱ्यायचा आहे."

त्या दिवशी जावयांनी खरे नियम समजावून सांगितले. आम्ही मन लावून ऐकले आणि पुन्हा आपलेच लावले. एकाच बॉलवर लहानपण काढलेल्या माणसाला बॉल हरवल्याचे फटाके फोडणं जमत नाही.

* * *

मागच्या हिवाळ्यात दिलीपला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, हात सुधारतोय, जीभही सुटेल, पण यांनी स्वतः प्रयत्न करायला हवा. दिलीप करेना. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा.

एक दिवस त्याची बायको, शोभावहिनी, दुकानात आल्या. "भाऊजी, तुम्ही तरी बोलतं करा त्याईले. घरात आवाजच नाही राह्यला."

मला फार वाईट वाटलं. ज्याच्या एका शब्दाला आम्ही जन्मभर वचकून होतो, तो शब्दच गेला होता.

पुढच्या रविवारी आम्ही मशीन उचलून त्याच्या घरी नेलं. त्याच्या टीव्हीला जोडलं आणि रिमोट उजव्या हातात दिला. बॉलिंग माझ्याकडे. अशोकने मला डोळा मारला, मी समजलो. हळू, सरळ, मधोमध टाकत राहिलो. एक बॉल गेला, दुसरा गेला. दिलीपचा अंगठा बटणावर नुसता पडून होता. वहिनी दाराशी पदर धरून उभ्या होत्या.

मग अंगठा दबला.

बॅट फिरली आणि बॉल वर, आणखी वर, प्रेक्षकांच्या डोक्यावरून बाहेर! फटाके, बाजा! वहिनींनी टाळ्या वाजवल्या, अशोक उभा राहून ओरडला, "सिक्सर! वा रे वाघा!" मीही ओरडलो, "सिक्सर!" दुसरं काही म्हणायची आमची छाती नव्हती.

दिलीपने आधी अशोककडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाळाला आठी पडली. ओठ हलले, वाकडे झाले, पुन्हा हलले.

"आ... ऊट," तो म्हणाला, आणि रिमोट माझ्यापुढे धरला.