खुर्चीवर न बसणारा

वडिलांचा रिपोर्ट आणायला मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात गेलो होतो. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी एक माणूस भिंतीपासून हातभर दूर उभाच होता. ‘भाऊ, बसा ना,’ मी म्हटलं.

‘बसलो का डोया लागते,’ तो पेंगुळलेले डोळे चोळत म्हणाला.

बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीत तो डंपर चालवायचा. एकदा चालवतानाच डुलकी लागली. कोणाला इजा झाली नाही, पण त्याने स्वतःहून चावी साहेबाच्या टेबलावर ठेवली आणि रात्रपाळीतच गेटवर काम मागून घेतलं. ‘तपासणी झाल्याबिगर स्टेअरिंगले हात नाई लावत.’

झोपेत श्वास अडकतो का, ते टिपणारं यंत्र त्याने एकदा घरी नेलं होतं. कागदावर ‘रात्री लावणे’ असं छापलेलं, म्हणून सुट्टी काढून त्याने ते रात्रीच लावलं. वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेला माणूस, बोटाला चिमटा आणि नाकात नळी घेऊन उजाडेपर्यंत टक्क जागा राहिला. तपासणी वाया गेली.

आता काउंटरवरच्या बाईंनी पुन्हा तोच कागद पुढे केला. त्याने पेन काढलं, ‘रात्री’ खोडून ‘दिवसा’ लिहिलं.

‘बाई, सही करा. माही झोप दुपारची हाय. तिले दुपारीच धरतो.’

बाईंनी सही केली. यंत्राची पेटी छातीशी धरून तो निघून गेला.

माझ्या पाकिटात अशाच तपासणीची चिठ्ठी दिवाळीपासून पडून होती. सगळेच घोरतात, असं मी बायकोला सांगत आलो होतो. मी उठलो आणि ती चिठ्ठी बाईंसमोर ठेवली.

मी धानोऱ्याची बस चालवतो.