नऊ इंची भिंत

गवंड्याच्या हाताला यश होतं, तिथेच सगळी पंचाईत झाली. दुसऱ्या कुणी बुजवल्या असत्या, तर त्या खिडक्यांना एव्हाना भेगा पडल्या असत्या. पण हा पडला कामाचा माणूस. "एकदा मी वीट बसवली की बसली. हत्ती आणा हवा तर," असं तो थापी धुता धुता म्हणायचा, आणि लोक हसून मान डोलवायचे.

घरांच्या दोन रांगा एकमेकींकडे पाठ करून उभ्या आणि त्यांच्यामधून जाणारा लांबलचक बोळ. बसथांब्यावरून घरी यायची हीच जवळची वाट. पूर्वी प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी या बोळात उघडायची. संध्याकाळी तिथून जाणं म्हणजे तोंडी परीक्षाच. "कोण गं ती? आज उशीर?" "पिशवीत काय आहे रे?" "आईचा गुडघा काय म्हणतोय?" उत्तरं देता देता माणूस घरी पोचायचा. लेकीबाळी या चौकशांना वैतागायच्या, पण अंधार पडल्यावर त्यांना कधी भीती वाटली नाही.

मग एकदा कुणीतरी खिडकीतून हात घालून ओट्यावरचा मोबाइल उचलला. मोबाइल होता गवंड्याच्या थोरल्या बहिणीचा. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती एकटी. तिनं भावाला बोलावून घेतलं.

"ही खिडकी आत्ताच्या आत्ता बुजव."

"अगं ताई, साधी जाळी बसवतो. वारा तरी येईल."

"वारा नको मला, झोप हवी. आणि ते चार इंची वगैरे नको. नऊ इंची घाल."

गवंड्यानं नऊ इंची घातली, वरून गिलावा असा केला की खिडकी कुठे होती ते शोधून सापडेना. शेजारच्या काकूंनी ते काम पाहिलं. या काकूंना सगळे रेडिओकाकू म्हणत, कारण त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत घरोघरी ऐकू यायची. त्यांनी आपली खिडकी बुजवून घेतली आणि मग साथच आली. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. बोळाच्या दोन्ही अंगांना नुसती भिंत उरली, सरळ, गुळगुळीत. गवंडी तिथून जाताना भिंतीवरून हात फिरवायचा आणि खूश व्हायचा.

त्याच भिंतीला घासून त्याची लेक पडली.

ती इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर बसते. दुपारची पाळी, घरी यायला रात्रीचे आठ-साडेआठ. बोळाच्या मध्यावर मागून कुणीतरी तिची पर्स ओढली. पट्टा खांद्यात अडकलेला, म्हणून पर्सबरोबर तीही ओढली गेली. मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. घरी आल्यावर ती रडलीसुद्धा नाही, एवढंच म्हणाली, "मी हाका मारल्या, बाबा. खूप मारल्या."

आईनं निकाल देऊन टाकला. "अहो, ऐकताय ना? प्लास्टर निघेपर्यंत त्या बोळाचं काहीतरी करा. नाहीतर नोकरी बंद. रोज जीव मुठीत धरून दारात उभं राहणं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"म्हणजे चोरानं पर्स नेली आणि आई नोकरी नेणार," लेक म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"संन्याशिणीनं गप्प बसावं," आई म्हणाली.

वस्तीची बैठक भरली. अध्यक्ष होते कुलूपकाका. सगळी हयात कारखान्याच्या कोठारावर गेलेली, त्यामुळे कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध. "बोळाच्या दोन्ही टोकांना फाटक लावा आणि कुलूप घाला. प्रश्नच मिटला."

"आणि बसवरून यायचं कुठून?" गवंड्यानं विचारलं.

"मोठ्या रस्त्यानं वळसा घालून. तरण्याताठ्या पोरींना चालायला काय होतंय?"

मोठा रस्ता म्हणजे बंद गोदामांची रांग. रात्री तिथे चिटपाखरूही नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग कुणी म्हणालं कॅमेरा, कुणी म्हणालं पहारेकरी, कुणी म्हणालं पोरींनी दिवेलागणीच्या आत घरात असावं. बैठकीला आलेला हवालदार हळूच म्हणाला, "पूर्वी या बोळात काही होत नव्हतं, कारण इथे माणसांची जाग होती." त्याला चहा देऊन गप्प करण्यात आलं.

गवंडी उभा राहिला. "खिडक्या परत उघडू. मी जाळ्या बसवून देतो, मजबूत. मजुरी एक पैसा घेणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "वा रे वा! बुजवायचे पैसे घेतलेस, आता फोडायची हौस आली काय?" सगळी बैठक हसली. गवंड्याचे कान तापले. खोटं काय होतं त्यात? ठराव कॅमेऱ्याचा झाला.

कॅमेरा लागला. आठवड्याभरात बोळात एका म्हाताऱ्या शिंप्याची पिशवी गेली. कुलूपकाकांनी सगळ्यांना बोलावून चित्रण दाखवलं. चोराची पाठ अगदी स्पष्ट दिसत होती. "बघा, किती स्वच्छ आलंय!" काका अभिमानानं म्हणाले. गवंड्याला त्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, पण भिंत त्याच्याच हातची, डोकंच फुटलं असतं.

तो घरोघर फिरला. पालथ्या घड्यावर पाणी. खिडकीच्या जागी कुणी कपाट ठोकलेलं, कुणी नव्या फरशा चिकटवलेल्या. रेडिओकाकूंचा तिथे फ्रिज. "आणि फ्रिज कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?" दुसऱ्यांदा गेला तर म्हणाल्या, "आधी तुझ्या बहिणीची उघड, मग माझ्याकडे ये."

बहीण तर ऐकूनच घेईना. "मी एकटी बाई. माझ्या घरात उद्या कुणाचा हात आला तर तू येणार आहेस का धावत?"

प्लास्टर निघायला थोडेच दिवस उरले होते. एका दुपारी लेक आत्याला भेटायला गेली. गवंडीही सोबत होता, दाराशी चपला काढत होता. आत्यानं तिचा हात मांडीवर घेतला. "कुठे गं झालं हे नक्की? मला कुणी नीट सांगतच नाही."

लेकीनं स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट केलं. "इथेच, आत्या. या भिंतीच्या पलीकडे. मला दुसरं कुणी आठवलंच नाही. तुम्हालाच हाका मारत होते."

आत्या भिंतीकडे बघत राहिली. "मी इथेच होते," ती म्हणाली. "भाजी चिरत होते. काहीतरी धप्प झालं. मला वाटलं, मांजर." तिनं हात सोडला नाही. मग भावाकडे न बघता म्हणाली, "फोड ती."

भिंतीला कान असतात म्हणे. गवंड्यानं बांधलेल्या भिंतीला मात्र नव्हते, आणि दयामायाही नव्हती. छिन्नी लावली की बाहेर उडायची. पहार घातली तर हाताला झिणझिण्या. दिवसभर ठोकून जेमतेम टोपलीएवढं भोक पडलं.

"कुणी बांधली होती रे ही?" बहिणीनं विचारलं.

"होता एक गाढव."

"आणि नऊ इंची कुणी मागितली होती?"

"ते मी बोलत नाही, ताई. तू मोठी आहेस."

दुसऱ्या दिवशी खिडकी मोकळी झाली, जाळी बसली. प्लास्टर निघालं तसं लेक कामावर निघाली. आईनं अडवलं नाही. संध्याकाळी मात्र भाजीची टोपली उचलून नणंदेकडे गेली आणि त्या खिडकीशी स्टूल ओढून बसली. "एका खिडकीनं काय व्हायचंय, वन्सं?" असं म्हणत एकच गवार तिनं चारदा मोडली. गवंडी मागे उभा होता. बोळात खिडकीएवढा उजेड पडला होता. त्याच्या अलीकडे अंधार, पलीकडे अंधार.

दूर पावलं वाजली. आई उठून उभी राहिली.

"कोण गं?" आत्यानं जाळीला तोंड लावून हाक मारली. सवय मोडलेली, आवाज चिरकला.

"मीच, आत्या!" अंधारातून उत्तर आलं. मग लेक उजेडात आली, थांबली. "आईपण? अरे देवा, आता रोज दोघी का?"

"रोज," आई म्हणाली. "पिशवीत काय आहे?"

लेक कपाळाला हात लावून पुढे निघाली आणि काकूंच्या भिंतीपाशी पुन्हा अंधारात शिरली. पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत आई जाळी धरून उभी राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

"उद्या रेडिओकाकूंकडे परत जाऊन या."

"तीनदा गेलो गं. ताईची खिडकी उघडली म्हणून सांगितलं, तरी दारातूनच वाटेला लावतात."

"मग चौथ्यांदा जा. आणि जाताना फ्रिज उचलायला माणूस घेऊन जा."