रेवाचा शेवटचा शब्द

निघताना दादाच्या पाया पडलो, तर तो म्हणाला, "तेवढं विचारून ये. रेवा परत येते की नाही?"

रेवा आमची कोणी नातेवाईक नव्हे. बडोद्याच्या ज्या मालतीबाईंना भेटायला मी निघालो होतो, त्यांच्या विज्ञान-कादंबरीची ती नायिका. शेवटच्या पानावर ती यानात चढते, मागे राहणाऱ्यांना "येते" म्हणते आणि पुस्तक संपतं. पुढचा भाग आलाच नाही. आम्ही भाऊ शाळेपासून त्याची वाट बघतोय. वहिनी गेल्यापासून दादा सांगलीच्या घराचा उंबरठाही ओलांडत नाही. खिडकीशी बसून तेच पुस्तक वाचतो. मला त्याची काळजी वाटते, आणि खरं सांगायचं तर रागही येतो.

बडोद्याला उतरून सयाजीगंजात सेव-उसळ खायला थांबलो. "काका, तरी ओछी लेजो (कमी घ्या)," गाडीवाल्यानं बजावलं. तरी म्हणजे वरून ओतायचा तिखटजाळ रस्सा. आम्ही सांगलीकर तिखटाला काय भिणार? चांगली डावभर ओतली आणि नाकाडोळ्यांतून धारा लागल्या.

मालतीबाईंशी फोनवर वेळ ठरली होती. तशाच लाल डोळ्यांनी त्यांच्या फ्लॅटची बेल वाजवली. दार त्यांनीच उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, ठेंगण्या, चष्म्याची काच जाड.

"रडताय कशाला? पुस्तकामुळे की सेव-उसळीमुळे?"

"उसळीमुळे."

"मग ठीक. बसा ने (ना)."

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचं, घरचं सगळं उरकायचं आणि मग जेवणाच्या टेबलावर ग्रह रचायचे, असं त्यांचं आयुष्य गेलं. बाईंनी घरगुती लिहावं, असं सांगून मासिकं कथा परत करायची. त्या घरगुतीच लिहीत होत्या. फक्त घर दुसऱ्या ग्रहावर होतं. त्यांनी मला गॅलरीत नेलं. ऊन उतरलं होतं. दूर रिफायनरीच्या चिमणीवर ज्योत जळत होती.

"हा तुमचा दुसरा सूर्य," त्या म्हणाल्या.

कादंबरीतल्या ग्रहावर कधीच न मावळणारा दुसरा सूर्य आहे. तो मला इथे, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या वर दिसत होता. एवढ्याशा गॅलरीतून या बाईंनी केवढं आकाश पाहिलं होतं!

मग दादाचा प्रश्न विचारला. त्या हसल्या.

"ते तर खोटं (चुकीचं) छापलं. मी 'आवजो' लिहिलेलं. आम्ही बडोदेकर निरोप घेताना घरातही तेच म्हणतो ने. पुण्याच्या संपादकांना वाटलं, बाईंचं गुजराती घुसलं. त्यांनी शुद्ध करून 'येते' केलं."

"पण अर्थ तर तोच ना?"

"तोच कसा? आवजो म्हणजे तुम्ही या. रेवा परत येणारच नव्हती. मागच्यांनी जायचं होतं, तिच्याकडे."

"मग दुरुस्त का नाही केलंत?"

"लोक तिची वाट बघायला लागले. मला ते आवडलं. माझंच चुकलं म्हणा."

जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, "आवजो. दादांनाही सांगा."

परतीच्या गाडीत डोक्यात तो एकच शब्द होता. ज्या शेवटावर आम्ही अर्धं आयुष्य थांबून राहिलो, तो थांबायला सांगतच नव्हता. मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

सांगलीला पोचल्यावर दादाला सगळं सांगितलं. पुस्तक मिटून त्यानं खिडकीत ठेवलं, कोपऱ्यातल्या चपलांकडे पाहिलं.

"बडोद्याची गाडी सांगलीहून मिळते," त्यानं विचारलं, "की मिरजेला जावं लागतं?"